ठोंबरे भाऊजींची देवकी

ठोंबरे भाऊजींना हळू बोलता येत नसे. देवानं आवाज वाटताना यांच्या बाबतीत हात सैल सोडला होता, आणि भाऊजी तो सगळा रोजच्या रोज वापरत. शंकर नगरातल्या सरकारी क्वार्टरांच्या ओळीत त्यांचं घर आमच्या घराला लागूनच होतं. सकाळी मी कुकर लावत असले की मधल्या भिंतीवरून त्यांचं डोकं वर यायचं, हातात वर्तमानपत्र असायचं, आणि ते ओरडायचे, "वर्षाबाई! शिमला बावीस, आपण चव्वेचाळीस! अन्याय हाय का नाई?"

आता यात माझा काय दोष? पण "हो भाऊजी, अन्याय आहे" असं म्हटल्याशिवाय ते डोकं खाली जात नसे. तोवर माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जात आणि डाळीचं पिठलं होई.

ठोंबरे घराणं मूळ भंडाऱ्याचं. आजोबा रेल्वेत लागून इकडं रायपूरला आले आणि इथलेच झाले. भाऊजींचं मराठी भंडाऱ्याचं, शिव्या हिंदी आणि होकार छत्तीसगढी. "हव" म्हणत, तेही असं दणदणीत की समोरच्यानं विचारलेलं विसरून जावं. ऑफिसात ते बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, आणि मी त्यांच्याच सेक्शनला टायपिस्ट. म्हणजे मला त्यांच्यापासून सुटका ना घरी, ना दारी.

छत्तीसगढ हे नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि सगळ्या शहराच्या अंगात आलं. घरभाडी वाढली, पाट्या बदलल्या, नाक्यावरच्या चहावाल्यानं टपरीवर "राजधानी टी स्टॉल" रंगवून घेतलं. आमच्या ऑफिसात साहेब जास्त आणि खुर्च्या कमी अशी गत झाली. पण आनंदानं खरंच कोणाचं डोकं फिरलं असेल तर ते भाऊजींचं. भाजीवालीला ते म्हणत, "दीदी, अब ये राजधानी का बैंगन है, थोड़ा ढंग का दो." ती बिचारी घाबरून चांगलं वांगं काढून द्यायची.

त्यात त्यांच्या कानावर आलं की शहराबाहेर नवा रायपूर बांधणार आहेत, मोठं सचिवालय होणार आहे. तेव्हा तिथं धानाची शेतं आणि मुरमाचे ढीग होते. भाऊजी स्कूटरवर जाऊन ते ढीग पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात उभं राहून जाहीर केलं, "दिल्लीले किल्ला हाय, भोपाळले तलाव हाय. आपल्याले काय हाय? धूळ! सचिवालयासमोर आपण देवदार लावू. मी लावीन!"

देवदार म्हणजे हिमालयातलं झाड. बर्फात उभं राहतं, सुईसारखी पानं असतात, शंभर माणसांना सावली देतं. ते रायपूरच्या मे महिन्यात? आम्ही सगळे पोट धरून हसलो. भाऊजीही आमच्याबरोबर हसले, आमच्यापेक्षा जोरात. पण त्यांनी रजेचा अर्ज टाकला तो त्याच दुपारी.

शालूताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, शिमला दाखवायला म्हणून दोघं गेले. आले ते काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुडघ्याएवढं देवदाराचं रोप घेऊन. परतीच्या सगळ्या प्रवासात रोप खालच्या बर्थवर खिडकीशी, आणि गुडघे दुखणाऱ्या शालूताई वरच्या बर्थवर. दिल्ली सोडल्यावर टीटीई आला आणि विचारू लागला, "ये पौधा किसका है?"

"राजधानी का," भाऊजी म्हणाले.

"तो दिल्ली में क्यों नहीं उतारा?"

"हमारी राजधानी का, साहब! रायपुर का!"

"रायपुर राजधानी कब बना?"

झालं. भाऊजींनी त्याला हाताला धरून बसवलं आणि झाशी येईपर्यंत सोडलं नाही. "शेवटी तो बिचारा म्हणे, ठीक है, पौधे का टिकट नहीं लगेगा, मुझे जाने दो," असं शालूताई सांगत तेव्हा पदराला डोळे पुसत. त्या चिडल्या की हसतात हे मला त्याच दिवशी कळलं.

रोप अंगणात लागलं आणि आठवड्यातच एका सकाळी भिंतीवर डोकं आलं ते वर्तमानपत्राशिवाय. आवाजही नव्हता. "वर्षाबाई," ते चक्क कुजबुजले, "मान टाकली त्यानं."

मी कणकेच्या हातानं धावत गेले. रोप हिरवंगार होतं, पण वरचं कोवळं टोक खाली वाकलं होतं. भाऊजींनी बांबूची कामटी तासली, शालूताईंच्या जुन्या साडीची चिंधी फाडली आणि हाड मोडल्यावर बांधतात तसं ते टोक कामटीला सरळ बांधलं. दुसऱ्या दिवशी सोडून पाहिलं, टोक पुन्हा खाली. पुन्हा बांधलं. मग अशक्तपणा असेल म्हणून ग्लुकोजचं पाणी घातलं. त्यानं अशक्तपणा गेला की नाही माहीत नाही, पण साऱ्या क्वार्टरातल्या मुंग्या जमल्या. मुंग्यांना हळद, हळदीवर पाणी, पाण्यावर पाणी. भाऊजींनी त्या आठवड्यात ऑफिसला येणं म्हणजे फक्त हजेरीची सही करणं ठेवलं होतं.

शेवटी शालूताईंनी शिमल्याचे फोटो आणून त्यांच्यापुढं आपटले. "हे पाहा जी. तुमच्या मागचे हे सारे झाडं पाहा. साऱ्याइचे टोकं खाली हायेत. हे काय सारे आजारी हायेत? अन् तुम्ही त्याइच्यापुढं दात काढून उभे!"

खरंच की. देवदाराचं टोक मुळातच झुकलेलं असतं. भाऊजींनी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग त्यांचा आवाज परत आला आणि असा आला की समोरच्या क्वार्टरातले कावळे उडाले. "म्हणजे लाजून राहिली! शालू, पोरगी हाय ना वो, पोरगी!"

तिचं नाव देवकी ठेवलं. ओळीत पेढे वाटले, ऑफिसात पेढे वाटले. मोठ्या साहेबांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "ठोंबरेजी, नातिन हुई क्या?"

"नहीं सर, बेटी!"

साहेब खुर्चीतून उठले. भाऊजींच्या पांढऱ्या केसांकडं पाहत त्यांनी दोन्ही हातांनी हात मिळवला आणि म्हणाले, "भाभीजी की तबीयत कैसी है?" पुढं कितीतरी दिवस साहेबांच्या मिसेस शालूताईंची चौकशी करत होत्या. शालूताईंनी डिंकाचे लाडूसुद्धा मुकाट्यानं घेतले. लाडू चांगले होते, मीही खाल्ले.

आता उन्हाळ्याचं सांगते. भाऊजी येडे होते, पण शिकत होते. आमच्याकडची काळी चिकट माती पाणी धरून ठेवते आणि अशा झाडाची मुळं ओली राहिली की सडतात, हे त्यांना ग्लुकोजच्या प्रकरणानंतर कळलं होतं. म्हणून मुरूम, वाळू आणि कुजलेला पाला मिसळून नवी कुंडी भरली. ती कुंडी मातीच्या मोठ्या नांदीत ठेवली, मधल्या जागेत वाळू भरली, आणि पाणी त्या वाळूवर घालायचं, म्हणजे माठासारखी कुंडी बाहेरून गार राहते. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, नऊ वाजता हिरवी जाळी ओढायची. एवढं ठीक होतं. पण एप्रिल संपता संपता त्यांनी झोपायच्या खोलीतला कूलर उचलून अंगणात नेला. देवकीभोवती खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बांधल्या, समोर कूलर लावला, आणि रोज दुपारी सायकलरिक्षातून बर्फाची लादी येऊ लागली.

"लग्नाले इतके वर्ष झाले," शालूताई मला म्हणाल्या, "मले कधी म्हटलं नाई की शालू, तू कूलरसमोर झोप. अन् हिच्यासाठी बर्फ!"

पण शालूताई काही कमी नव्हत्या. दुसऱ्या दुपारी त्यांनी चटई उचलली आणि देवकीच्या शेजारी जाऊन आडव्या झाल्या. तिसरी दुपार रविवारची होती, मीही गेले. आठवड्याभरात साऱ्या ओळीतल्या बायका गहू निवडायला, लसूण सोलायला, नुसत्या घोरायला तिथं येऊ लागल्या. रायपूरमध्ये तेव्हा त्याहून गार जागा असेल तर ती फक्त मोठ्या साहेबाची केबिन. भाऊजी संध्याकाळी ऑफिसातून येत तेव्हा ताट्यांच्या आतून बायकांच्या हसण्याचा आवाज यायचा.

"अवो बायाहो!" ते बाहेरून ओरडत. "तुमचे श्वास गरम हायेत! श्वास बाहेर जाऊन सोडा!"

एका रविवारी भर दुपारी ट्रान्सफॉर्मर उडाला. कूलर घरघरला आणि बंद पडला. भाऊजी तसेच बनियनवर वीज ऑफिसकडं पळाले, आणि इकडं आम्ही साऱ्या बायकांनी हाताला येईल ते घेतलं. कोणी सूप, कोणी पुठ्ठा, कोणी पोराची वही. देवकीला गोल घालून आम्ही वारा घालत होतो. मला माझंच हसू येत होतं, घाम डोळ्यात जात होता, आणि हात थांबत नव्हता. समोरची मिश्रा दीदी म्हणाली, "मेरी सास बीमार थी तब भी मैंने इतना पंखा नहीं झला." हसता हसता आम्ही एकमेकींच्या अंगावर पडलो.

तिकडं भाऊजींनी वीज ऑफिसात सांगितलं होतं, "घर में पेशंट है, हालत नाज़ुक है." लाइनमन शिडी घेऊन लगोलग आला. वीज जोडून दिली आणि काळजीनं म्हणाला, "मरीज़ को एक बार देख लूँ." भाऊजींनी ताटी बाजूला केली. लाइनमननं कुंडीकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आमच्या हातातल्या सुपांकडं पाहिलं. आता हा शिव्या देणार असं आम्हाला वाटलं. तो वाकला, कूलरची पट्टी फिरवली आणि म्हणाला, "हवा तो इधर लग ही नहीं रही थी."

असे दोन उन्हाळे निघाले. पण खरं सांगायचं तर ते देवकीचे निघाले नाहीत, आमचे निघाले. दर वर्षी फेब्रुवारीत तिला फिकट हिरवे कोंब फुटायचे, भाऊजी नाचायचे, आणि एप्रिलमध्ये ते कोंब टोकाकडून करपायचे. तिसऱ्या उन्हाळ्यात तर एका बाजूची फांदी पूर्ण तांबडी पडली. सुया झडत राहिल्या. भिंतीवरून शिमल्याची बातमी यायची बंद झाली. मी एकदा पहाटे दूध घ्यायला उठले तेव्हा भाऊजी अंगणात उकिडवे बसून, गळलेल्या सुया हातानं वेचून खिशात भरत होते. कोणी उठायच्या आत, कोणाला दिसू नयेत म्हणून. मी तशीच मागं फिरले. मला फार वाईट वाटलं.

कारण देवकी कुठं लागणार ते सगळ्या ऑफिसला माहीत होतं. नव्या रायपूरकडं रुंद रस्ते निघाले होते, सचिवालयाचा आराखडा भिंतीवर लागला होता, आणि मोठे साहेब येता-जाता म्हणायचे, "ठोंबरेजी, बस बिल्डिंग खड़ी होने दो, आपकी बेटी का कार्यक्रम करेंगे." भाऊजींनी जागासुद्धा नक्की केली होती, आराखड्यावर पेन्सिलीनं एक बारीकसं टिंब काढलं होतं. आणि आणखी एक मे महिना देवकीला निघणार नव्हता. हे मला दिसत होतं, शालूताईंना दिसत होतं, आणि भाऊजींनाही दिसत होतं, म्हणून तर ते हळू बोलायला लागले होते.

हिवाळा आला आणि दरवर्षीप्रमाणं तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागली. तिथल्या डोलमा आंटीकडून आमची सारी ओळ स्वेटर घ्यायची. गोल चेहऱ्याची, ठसकेबाज बाई, भाव करायला गेलं की उलट आपल्यालाच लाज आणायची. भाऊजींच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, ते सरळ तिच्या दुकानात शिरले. मी आणि शालूताई मागं.

"आंटी, आप तो पहाड़ की हैं," भाऊजी म्हणाले. "देवदार बीमार हो तो क्या करते हैं?"

"मैं मैनपाट की हूँ," ती म्हणाली.

"वही तो! पहाड़!"

"भैया, मैं वहाँ आलू लगाती हूँ और यहाँ स्वेटर बेचती हूँ. आपको साइज़ कौन सा लगेगा?"

मैनपाट म्हणजे सरगुजाकडचं उंच पठार. छत्तीसगढातच आहे, पण थंड. तिबेटी कुटुंबं कधीची तिथं राहतात. पण भाऊजींना पटेना. बाई तिबेटी, म्हणजे हिमालय, म्हणजे देवदार, असा त्यांचा हिशोब. चहाचं निमित्त करून ते तिला घरी घेऊनच आले. डोलमा आंटी देवकीभोवती एक चक्कर मारून आली. भाऊजी श्वास रोखून उभे.

"सुंदर है," ती म्हणाली. "क्या है ये?"

"देवदार!" भाऊजींनी कपाळावर हात मारला.

"अच्छा, यही है. मैंने तो फोटो में देखा था."

शालूताईंच्या हातातला चहा हिंदकळला, इतक्या हसल्या त्या. मीही हसले. डोलमा आंटीसुद्धा मनापासून हसली. मग कप खाली ठेवून तिनं सहज विचारलं, "यहाँ मई में इसको गर्मी नहीं लगती? हमारे यहाँ तो मई में भी रात को रज़ाई लेते हैं." आणि पुढं म्हणाली, "फरवरी में हमारा माल खतम, गाड़ी आधी खाली जाती है. भेजना है तो बोलो. पेड़ का मैं कुछ नहीं जानती, पर ठंडा तो है वहाँ."

भाऊजी एकदम वळले आणि आत निघून गेले. पाहुणीला निरोपसुद्धा दिला नाही.

मग दोन महिने त्या घरात जे चाललं ते भिंतीमुळं मला सगळं ऐकू येत होतं. "तिले देऊन टाकू? राजधानीची पोरगी हाय ते! तिची जागा ठरली हाय! उद्या साहेबाले काय सांगू?" असं भाऊजी म्हणायचे, आणि शालूताई गप्प राहायच्या. फेब्रुवारी आला. देवकीला कोंब फुटले, पण फक्त एका बाजूला. त्या संध्याकाळी शालूताई बोलल्या, आणि त्या इतक्या हळू बोलल्या की मला भिंतीला कान लावावा लागला. लावला, काय करणार.

"आपल्या दोन पोरी दिल्या आपण. तवा काय पाहिलं होतं जी? कुठं सुखात राहतीन ते पाहिलं, का आपल्या दारापुढं शोभतीन ते पाहिलं?"

मग भाऊजींचा आवाज आला, "हव."

एवढासा "हव" मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

डोलमा आंटीचा मिनी ट्रक सकाळी आमच्या ओळीत आला तेव्हा सगळ्या बायका दारात होत्या. शालूताईंनी देवकीच्या कुंडीला हळदकुंकू लावलं आणि तांदूळ, नारळ, खण घालून ओटी भरली. डोलमा आंटीला काही कळेना. नारळ उचलून तिनं विचारलं, "ये भी साथ में लगाना है?" आम्ही हसून हसून भिंतीला टेकलो. ड्रायव्हर म्हणाला, कुंडी मागं गाठोड्यांत ठेवा. भाऊजी म्हणाले, नाही, पुढं, खिडकीशी. मग डोलमा आंटी बिचारी मागं गाठोड्यांवर बसली आणि देवकी पुढं. भाऊजींनी ड्रायव्हरला पाणी कसं घालायचं ते सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. गिअर टाकताना फांदीला कोपर लागू देऊ नको हेही सांगितलं.

गाडी वळली आणि भाऊजी रडायला लागले. हळू नाही, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, भर रस्त्यात, तोंड उघडून. मिश्रा दीदीनं पाणी आणलं, कोणी पाठीवरून हात फिरवला. शालूताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "पोरीइच्या पाठवणीले हा माणूस केटररशी भांडून राहिला होता. डोळ्यात टिपूस नाई. अन् आता पाय, कसा रडते." असं म्हणताना त्यांचेही डोळे गळत होते आणि त्या हसतही होत्या. माझंही तेच चाललं होतं, लपवून काय करायचं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी आराखड्यावरचं ते टिंब खोडरबरानं पुसलं आणि साहेबांना सांगितलं, "सर, बेटी ससुराल गई." पुढं सचिवालय उभं राहिलं, त्याच्यासमोर दुसरी झाडं लागली. ती छान आहेत.

त्यानंतर भाऊजी रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, सुया वेचता वेचता वाकलेले गुडघे पुढं नीट झाले नाहीत. मधल्या वर्षांत ते मैनपाटला गेले नव्हते. "सासरी घडीघडी जाऊ नये," म्हणायचे, पण मला वाटतं ते घाबरत होते. शेवटी एका मे महिन्यात शालूताईंनीच जीप ठरवली आणि मलाही सोबत घेतलं. खाली रायपूर भाजत होतं म्हणून भाऊजी पातळ बुशशर्टवर निघाले. पठारावर पोचलो तर ढग, गार वारा, आणि भाऊजींचे दात वाजत होते. थंडी वाजते का विचारलं तर म्हणाले, "छे, कायची थंडी!"

डोलमा आंटीच्या घरामागं बटाट्याच्या वाफ्यांपलीकडं देवकी होती. एका बाजूला बकऱ्यांनी खाल्लेली, पण अंगभर हिरवी, टोकापर्यंत नव्या कोंबांनी भरलेली. डोलमा आंटी म्हणाली, "हमने कुछ नहीं किया. बस बकरी भगाते रहे."

भाऊजी जवळ गेले. मला वाटलं आता रडतील. त्यांनी एक फांदी हातात घेतली, सोडली, आणि वळून तिच्याशेजारी पाठ लावून उभे राहिले. देवकी त्यांच्या कानापर्यंत आली होती. त्यांनी मान तिरकी करून वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि मग हळूच, आम्हाला कळणार नाही अशा बेतानं, गुडघ्यांत वाकले. आणखी वाकले. आता ती त्यांच्या डोक्याच्या वर गेली.

"शालू!" ते सगळ्या मैनपाटला ऐकू जाईल असे ओरडले. "पाय वो! माह्याहून उंच झाली!"

"झाली जी, झाली," शालूताई म्हणाल्या. "आता सरळ उभे व्हा, गुडघे दुखतीन."

भाऊजी तसेच उभे राहिले, वाकलेले, दात वाजवत, हसत.